जुन्या मोगऱ्याची कुंडी बदलावी की माती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका सदनिकेच्या पूर्वेकडील गॅलरीत, १२ इंची मातीच्या कुंडीत, सासूबाईंनी ९ वर्षांपूर्वी लावलेला मोगरा आहे. गेल्या दोन हंगामांत फुले कमी आणि लहान येऊ लागली आहेत, पाने पिवळसर दिसतात आणि पाणी घातले की ते लगेच तळाच्या भोकातून बाहेर पडते. रोपवाटिकेतून १८ इंची कुंडीत हलवण्याचा सल्ला मिळाला आहे. घरातील जाणत्या मंडळींचे म्हणणे मात्र असे की एवढ्या जुन्या झाडाच्या मुळांना हात लावू नये. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि हे काम कधी व कसे करावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. पूर्ण वाढलेल्या मोगऱ्याला मोठ्या कुंडीची गरज क्वचितच असते. त्याला गरज असते ती ताज्या मातीची, आणि ताज्या मातीसाठी जागा करायची तर जुनी मुळे कापावीच लागतात. हे काम योग्य वेळी केले तर मोगरा ते सहज सोसतो. आपली कुंडी आहे त्याच मापाची ठेवली, किंवा फार तर १४ इंची घेतली, तरी पुरेसे आहे.

कुंडीच्या मापाबद्दल आधी सांगतो, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. १२ इंची कुंडीत साधारण १४ लिटर माती मावते. १४ इंचीत सुमारे २२ लिटर, म्हणजे केवळ दोन इंचांनी दीडपट माती वाढते. १८ इंची कुंडीत ४५ लिटरांच्या पुढे माती लागते, म्हणजे आजच्या तिपटीहून अधिक. मुळांचा गोळा या मातीच्या मध्यभागी राहतो आणि भोवतालच्या मातीतले पाणी शोषून घ्यायला तिथे मुळेच नसतात. ती माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातील हवा संपते आणि नवी मुळे त्या बाजूला जाण्याऐवजी सडू लागतात. शिवाय भिजलेल्या मातीसह अशी कुंडी ६० किलोंच्या पुढे जाते. गॅलरीत ती एकदा ठेवली की पुन्हा हलवणे होत नाही, आणि तीन वर्षांनी तोच प्रश्न अधिक जड होऊन समोर उभा राहतो.

आता निदान. पाणी झटकन खाली जाण्याची कारणे दोन असू शकतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. माती पूर्ण सुकून आकसली असेल तर ती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निसटते, गोळ्याचा गाभा कोरडाच राहतो. दुसरे कारण म्हणजे कुंडीत माती जवळजवळ उरलेलीच नसते, सगळी मुळेच असतात. फरक ओळखण्यासाठी कुंडी पाण्याच्या बादलीत किंवा टबात कडेच्या किंचित खालपर्यंत बुडवून ठेवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे. मग बाहेर काढून निथळू द्यावी. त्यानंतर तीन-चार दिवस माती ओलसर राहिली तर दोष सुकण्याचा होता आणि पाणी घालण्याची पद्धत सुधारली की भागते. हिवाळ्यातसुद्धा दुसऱ्याच दिवशी कुंडी उचलायला हलकी लागली आणि पाने मलूल झाली, तर मुळांनी कुंडी भरली आहे असे खुशाल समजावे. ९ वर्षे त्याच कुंडीत असलेल्या झाडाच्या बाबतीत मला दुसऱ्या कारणाचीच शक्यता अधिक वाटते. तळाच्या भोकातून मुळे डोकावत असतील, किंवा वरची माती कुंडीच्या काठापेक्षा उंच आल्यासारखी वाटत असेल, तर चाचणीचीही गरज नाही.

पिवळेपणाकडेही नीट पाहावे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता आहे, आणि जुन्या, थकलेल्या मातीत ती अपेक्षितच आहे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांतील शिरा मात्र हिरव्या दिसत असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचे व टँकरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असते, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी घातल्याने कुंडीतील मातीचा सामू (पीएच) वाढतो. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या बाहेरच्या बाजूला पांढरा थर साचला असेल तर त्याच क्षारांची ती खूण आहे. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला अगदी सूक्ष्म जाळे दिसले तर ते लाल कोळ्याचे काम आहे. कळ्या जांभळट होऊन वाळत असतील तर आत कळी पोखरणारी अळी आहे. या शेवटच्या दोन गोष्टी माती बदलल्याने जाणार नाहीत.

गॅलरीत थेट ऊन किती तास येते, हेही मोजून पाहावे. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन हवे. समोर नवी इमारत उभी राहून पूर्वेचे ऊन दोन तासांवर आले असेल, तर जगातील सर्वोत्तम माती घालूनही लांब वेलासारख्या फांद्या आणि भरपूर पाने मिळतील, फुले नाहीत. तसे असेल तर कुंडीआधी जागा बदलावी.

वेळेचा प्रश्न कुंडीच्या मापापेक्षाही महत्त्वाचा आहे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. उन्हाळ्याच्या तोंडावर जी कोवळी फूट येते तिच्याच शेंड्यांवर कळ्या लागतात. म्हणून मुळे कापण्याची आणि फांद्या छाटण्याची वेळ ही नवी फूट येण्याच्या थोडी आधीची असायला हवी. अशा वेळी झाडाजवळ साठवलेले अन्न असते, पानांतून होणारे बाष्पीभवन कमी असते आणि पुढे तापमान चढत जाणार असल्याने नवी मुळे लवकर धरतात. पुणे, नाशिक, सातारा या देशावरील भागांत संक्रांतीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. डिसेंबरच्या कडक थंडीत, रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास असताना, काम केले तर झाड मरत नाही, पण महिनाभर नुसते थिजून बसते आणि ओल्या मातीत तेवढा काळ बसणे धोक्याचे असते. मुंबईत व कोकणात थंडी नावापुरतीच असल्याने जानेवारीच्या सुरुवातीलाच हात घालावा. विदर्भात उन्हाचा तडाखा लवकर सुरू होतो, म्हणून तिथे जानेवारीअखेर काम उरकलेले बरे. तमिळनाडूत मोगऱ्याच्या शेतांची छाटणी साधारणतः नोव्हेंबरअखेरीस करतात, ती तेथील सौम्य हिवाळ्यामुळे; ते वेळापत्रक पाहून पुण्यात घाई करू नये. परदेशात हिवाळाभर मोगरा घरात ठेवणाऱ्यांनी दिवस मोठे होऊ लागल्यावर, झाड पुन्हा बाहेर काढण्याच्या काही आठवडे आधी हे काम करावे.

झाड कळ्यांनी भरलेले असताना, एप्रिल-मेच्या उन्हात किंवा जुलैच्या झडीत मुळे कापू नयेत. पावसाळ्यात कुंड्या बदलण्याची आपल्याकडे प्रथा आहे आणि मुळे न कापता थोड्या मोठ्या कुंडीत सरकवायचे असेल तर तिला माझी हरकत नाही. पण कापलेल्या मुळांवर सतत ओली माती असणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

मातीचे मिश्रण कामाच्या आदल्या दिवशीच करून ठेवावे. मी मापाने चार भाग पोयट्याची किंवा लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत वा गांडूळखत, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चाळलेला चुरा आणि एक भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतो. विटांच्या चुऱ्यातील धूळ चाळून टाकावी. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे राहिले पाहिजेत. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घट्ट पिळून घ्यावे, कारण कोकोपीटच्या स्वस्त विटांमध्ये मिठाचे प्रमाण बरेच असते. १२ इंची कुंडीला एक मोठी मूठ निंबोळी पेंड पुरते. रोपवाटिकेत पोत्यातून मिळणारी लाल माती एकटीच वापरण्याचा मोह टाळावा. तिच्यात बारीक कणच फार असतात, दोन उन्हाळ्यांत ती इतकी आवळते की खुरपे आत जात नाही. काळी माती हाताशी असेल तर मिश्रणाच्या पाचव्या भागाहून अधिक घेऊ नये. शेणखत ओलसर, काळे आणि वासरहित हवे. त्यात शेणाचा वास किंवा उष्णता जाणवत असेल तर ते अजून कुजते आहे, आणि कापलेल्या मुळांना ते भाजून काढील.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या, खडी किंवा विटांचे तुकडे यांचा दोन-तीन इंचांचा थर देण्याची पद्धत सर्वत्र आहे. निचरा सुधारतो अशी समजूत त्यामागे आहे. प्रत्यक्षात उलट घडते. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या जाड थरात तेव्हाच उतरते, जेव्हा वरच्या मातीचा तो भाग पाण्याने पूर्ण भरलेला असतो. एरवी बारीक कण पाणी धरून ठेवतात. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा राहायचा तो खडीच्या उंचीएवढा वर सरकतो आणि थेट मुळांत येतो. शिवाय १४ लिटरांतील दोन-तीन लिटर जागा वाया जाते ती वेगळीच. भोकावर एक बाकदार खापरी पालथी ठेवावी किंवा जाळीचा तुकडा टाकावा, एवढेच. निचरा मातीच्या मिश्रणातून साधायचा असतो. तळाचे भोक बोटाएवढे तरी हवे आणि कुंडी दोन विटांवर किंचित उचलून ठेवावी, म्हणजे ते फरशीला चिकटून बंद होत नाही.

कुंडी तीच वापरणार असाल तर ती आतून घासून, धुऊन उन्हात वाळवावी. नवी घेतल्यास मातीचीच घ्यावी आणि वापरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी कुंडी नव्या मातीतील ओल पहिल्याच दिवशी शोषून घेते. गेरू लावायला हरकत नाही, ऑइलपेंट मात्र लावू नये, कारण त्याने भाजलेल्या मातीची बारीक छिद्रे बुजतात आणि मातीच्या कुंडीचा निम्मा फायदा तिथेच संपतो. वर निमुळत्या होत जाणाऱ्या, माठाच्या घाटाच्या कुंड्या देखण्या असतात. त्यांत वाढलेले झाड बाहेर काढायचे तर कुंडी फोडावी लागते, हे खरेदी करतानाच लक्षात ठेवावे.

कामाच्या दोन दिवस आधी पाणी देऊन पुढे थांबावे, म्हणजे गोळा ओलसर असेल पण चिखल नसेल. सकाळी लवकर, सावलीत काम मांडावे. धार लावलेला सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), जुन्या करवतीचे पाते किंवा पाव कापायचा दातेरी सुरा, बांबूची टोकदार काडी आणि ओले गोणपाट एवढे साहित्य पुरे.

आधी फांद्या छाटाव्यात, मग झाड बाहेर काढावे. छाटलेले झाड हाताळायला सोपे जाते आणि फांद्या मोडत नाहीत. वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात आणि उरलेल्या निम्म्यावर आणाव्यात. काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, थोडा वर, तिरका घ्यावा. राहिलेली पानेही निम्मी खुडली तर चालते. हे क्रूर वाटले तरी हिशेब साधा आहे: मुळे एक तृतीयांशाने कमी होणार असतील तर त्यांच्यावर पाणी मागणारा भारही तेवढा तरी उतरला पाहिजे. छाटलेल्या फांद्यांपैकी पेन्सिलीच्या जाडीच्या, अर्धवट पक्व अशा पाच-सहा काड्या वीतभर कापून वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात लावून ठेवाव्यात. सावलीत आणि ओलाव्यात त्या सहसा मुळे धरतात. सासूबाईंच्या हातचे झाड असल्यामुळे आपल्याला हा सुरक्षेचा उपाय विशेष मोलाचा वाटेल.

झाड बुंध्याला धरून ओढू नये. तळाच्या भोकातून मुळे बाहेर आली असतील तर ती आधी कापून टाकावीत. मातीच्या कुंडीत मुळे आतल्या भिंतीला घट्ट चिकटतात, म्हणून सुऱ्याचे लांब पाते कडेने आत घालून सगळीकडून फिरवावे. मग कुंडी गोणपाटावर आडवी करून, थोडी थोडी फिरवत, तळव्याने ठोकावी. बुंध्याला आधार देऊन गोळा हळूहळू बाहेर सरकवावा. काही केल्या सुटत नसेल तर कुंडी फोडावी. कुंडी नवी मिळते, ९ वर्षांचा बुंधा मिळत नाही.

बाहेर आलेला गोळा हा खरा दस्तऐवज असतो, तो घाईने कापू नये. बाजूंनी मुळांची जाळी दिसेल आणि तळाशी त्यांची चुंबळ झालेली असेल. जिवंत मूळ फिकट पिवळसर-करड्या रंगाचे, टणक असते. नखाने खरवडले तर आत ओलसर पांढरे दिसते, आणि कोवळी टोके पांढरी असतात. मेलेले मूळ गडद तपकिरी असते आणि दोन बोटांत धरून ओढले तर त्याचे वरचे साल मोज्यासारखे निघून येते, हातात नुसता दोरा राहतो. असा भाग एकाच बाजूला असेल तर बहुधा तिथे पाणी साचत होते. आंबट वास आला तर निचरा पूर्वीपासूनच बिघडलेला होता. मातीत अर्धवर्तुळाकार वळलेली पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी आहे. एक सापडली की आणखी असतातच, गोळा उलटसुलट करून सगळ्या वेचून काढाव्यात. मुळांवर बारीक गाठी असतील आणि त्या बोटाने सुटत नसतील, तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, प्रादुर्भाव समजावा. ती माती परत कोणत्याही कुंडीत घालू नये.

आता कापणी. गोळा आडवा ठेवून तळाचा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग करवतीने सरळ कापून टाकावा. चुंबळ त्यातच जाते. मग उभा करून चारही बाजूंनी एका बोटाएवढ्या जाडीचा थर वरून खाली कापत न्यावा. गोळ्याचा साधारण दोन तृतीयांश भाग शिल्लक राहिला पाहिजे. त्यानंतर बांबूच्या काडीने कडेची माती मोकळी करून मुळांची टोके बाहेर सोडवावीत, बोटभर लांब लोंबली तरी चालतील. नुसता सुऱ्याने गुळगुळीत कापलेला गोळा नव्या मातीत बसवला तर पाणी दोन्हींच्या मधून वाहून जाते आणि मुळे जुन्याच गोळ्यात घुटमळत राहतात. जाड, लाकडासारखी मुळे सिकेटरने स्वच्छ कापावीत, ठेचली जाऊ देऊ नयेत. झाडाला अन्न-पाणी पुरवतात ती बारीक तंतुमय मुळे. जाड मुळांचे काम आधाराचे, आणि कुंडीत त्यांची फारशी गरज नसते. म्हणून निवड करायची वेळ आली तर जाड कापावे, बारीक राखावे. बुंध्याच्या तळाशी एखादे मूळ बुंध्यालाच आवळत फिरले असेल तर ते शोधून तोडावे. 

सगळी माती धुऊन मुळे उघडी करण्याचा सल्ला काही जण देतात. बोन्सायसाठी आणि सूत्रकृमी आढळल्यास तो योग्य आहे. एरवी जुन्या झाडाच्या गाभ्यातील माती तशीच राहू द्यावी, कारण तेथील नाजूक मुळकेस तुटले की झाड सावरायला फार वेळ घेते. कापणीच्या मध्ये फोन घ्यावा लागला तरी गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावा. उघडी मुळे सुकायला वाऱ्याची दहा मिनिटेही पुरतात.

भरताना तळाशी मिश्रणाचा थर टाकून तो तळव्याने बऱ्यापैकी दाबावा. इथे मोकळे खत टाकले तर ते कुजून बसते आणि वर्षभरात झाड खचते. बुंधा आधी मातीत जेवढा होता तेवढाच राहिला पाहिजे आणि मातीची पातळी कुंडीच्या काठाच्या दोन-तीन बोटे खाली हवी, नाहीतर प्रत्येक वेळी पाणी माती घेऊन बाहेर सांडते. कडेने मिश्रण थोडे थोडे सोडत बांबूची काडी खुपसून हलवत राहावे, म्हणजे पोकळ्या भरतात. मुठीने ठोसून भरू नये. शेवटी झारीने पाणी द्यावे, तळातून निथळू द्यावे, माती बसली की खाचा भरून पुन्हा एकदा पाणी द्यावे.

पुढील आठ-दहा दिवस कुंडी उजेडाच्या पण थेट ऊन व वारा नसलेल्या जागी ठेवावी. काळोख्या कोपऱ्यात नव्हे. नंतर आठवडाभरात सकाळचे ऊन वाढवत नेऊन मूळ जागी आणावी. या काळात राहिलेली पाने पिवळी पडून गळतील, कधी जवळजवळ सगळीच. घाबरून पाणी वाढवू नये. माती बदलल्यानंतर मेलेल्या झाडांपैकी बहुतेक मुळे कापल्याने मेलेली नसतात, प्रेमाने रोज घातलेल्या पाण्याने मेलेली असतात. पाने कमी, मुळे कमी आणि माती ताजी असल्यामुळे पाण्याची गरज पूर्वीच्या निम्मीही नसते. बोट दोन पेरांपर्यंत खुपसावे. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. शंका वाटली तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले की झाड जिवंत आहे आणि थांबायला हरकत नाही.

साधारण तीन ते पाच आठवड्यांत डोळे फुगून फूट येऊ लागते. तोवर कोणतेही रासायनिक खत, मुळे वाढवण्याची औषधे किंवा बाटलीतील टॉनिके देऊ नयेत. मुळांच्या जखमा भरण्याआधी क्षार वाढले की अपायच होतो. नव्या फांद्यांवर चार-पाच पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि कळ्यांच्या जागा वाढतात. त्याच सुमारास शेणाचे पातळ, गाळलेले पाणी पंधरवड्यातून एकदा सुरू करावे, किंवा विद्राव्य १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. नव्या पानांत हिरव्या शिरांचा पिवळेपणा पुन्हा दिसला तर फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि शक्य असेल तेव्हा पावसाचे पाणी साठवून वापरावे. या वर्षी पहिला बहर नेहमीपेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा येईल, हे गृहीत धरावे. एप्रिलच्या सुरुवातीला शेजारच्या गॅलरीतील मोगरा फुललेला असेल आणि आपला नसेल, तर त्यात चिंतेचे काही नाही.

आपल्याकडे मोगऱ्याशेजारी इतरही झुडपे असतील, तर हीच पद्धत सगळ्यांना लावू नये. जास्वंद मोगऱ्याइतकीच सोशिक आहे. तिची मुळे निर्धास्त कापावीत, फक्त खोडाच्या बेचक्यांतील पिठ्या ढेकूण आधी साफ करावा. अनंताची मुळे बारीक आणि हळवी असतात, तो आम्लधर्मी मातीचा भोक्ताही आहे. त्याचा बहर ओसरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी, कडेची थोडीशीच माती काढून बदलावी. बोगनवेल तर आवळलेल्या कुंडीतच अधिक फुलते आणि तिची मुळे हाताळताना सहज तुटतात. पाणी अगदीच टिकेनासे झाल्याशिवाय तिला हलवू नये.

गच्चीवर ड्रममध्ये किंवा सिमेंटच्या मोठ्या कुंडीत मोगरा असेल आणि तो बाहेर काढणे शक्य नसेल, तर झाड जागेवर ठेवूनच माती बदलता येते. कुंडीच्या वरून पाहिले तर जे वर्तुळ दिसते त्याचे सहा भाग कल्पावेत. त्यांतील समोरासमोरचे दोन भाग, काठापासून बुंध्याच्या दिशेने निम्म्या अंतरापर्यंत, जुन्या करवतीने उभे कापून मुळांसकट उकरून काढावेत आणि शक्य तितक्या खोलपर्यंत नवे मिश्रण भरावे. पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारचे दोन, तिसऱ्या वर्षी उरलेले दोन. झाडाला एका वेळी थोडाच धक्का बसतो, फांद्यांची छाटणीही एक तृतीयांशावर भागते आणि तीन वर्षांत काठाकडची सगळी माती नवी होते. कमरेच्या दुखण्यामुळे कुंड्या उचलता येत नसलेल्यांना मी १४ इंची कुंडीसाठीही हीच रीत सांगतो.

काढलेली जुनी माती फेकून देण्याची गरज नाही, सूत्रकृमी नसतील तर. मुळांचे तुकडे वेचून ती ओलसर करावी, गच्चीवर पातळ पसरून पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मे महिनाभर तापवावी आणि नंतर निम्मे खत मिसळून पावसाळी भाज्यांना किंवा सदाफुलीला वापरावी. मोगऱ्याच्या याच कुंडीची मुळे पुन्हा कापण्याची वेळ दोन-तीन वर्षांनी येईल. मधल्या वर्षांत संक्रांतीनंतर छाटणी करताना वरची दोन इंच माती खुरप्याने उकरून काढावी आणि तेवढेच गांडूळखत व मूठभर निंबोळी पेंड घालावी.